थायलंडमधील शिस्त आणि मतपेटी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. गेली सतरा वर्षे नोकरीच्या निमित्ताने बँकॉकमध्ये राहतो आणि आपले वृत्तपत्र रोज सकाळी मोबाइलवर वाचतो. थायलंडला सहलीसाठी येणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या अलीकडे फार वाढली आहे. परतल्यावर ही मंडळी जे सांगतात आणि लिहितात त्यातला एक निष्कर्ष मला सतत खटकत आला आहे. स्कायट्रेनच्या दाराशी लोक रांगेत उभे राहतात, गाडीत कोणी मोठ्याने बोलत नाही, सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा वाजता राष्ट्रगीत लागले की बागेत धावणारा माणूससुद्धा जागच्या जागी थांबतो. हे सगळे खरे आहे. पण त्यावरून पुढे असे म्हटले जाते की तिथे राजा आहे, लष्कराचा वचक आहे, म्हणून माणसे सरळ वागतात, आणि आपल्याकडे लोकशाहीचे अजीर्ण झाल्यामुळे सगळा बेबंद कारभार आहे. गेल्या दिवाळीत गावी होतो तेव्हा एकाच आठवड्यात चार वेगवेगळ्या सुशिक्षित माणसांनी मला हे ऐकवले. या समजुतीला उत्तर द्यावे एवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

२२ मे २०१४ ची संध्याकाळ मला जशीच्या तशी आठवते. दुपारी उशिरा लष्करप्रमुख प्रयुत चान-ओचा यांनी दूरचित्रवाणीवरून सत्ता हाती घेतल्याचे जाहीर केले. रात्री दहा ते पहाटे पाच अशी संचारबंदी लागली आणि सगळ्या वाहिन्यांवर एकच चित्र व लष्करी गाणी सुरू झाली. स्कायट्रेन त्या दिवशी लवकर बंद होणार होती, त्यामुळे सगळी कार्यालये एकदम सुटली आणि स्थानकाच्या जिन्यावरून थेट खालच्या फुटपाथपर्यंत रांग आली. कोणी ढकलाढकली केली नाही, कोणाचा आवाज चढला नाही. मी त्या रांगेत असतानाच गावाहून मामांचा फोन आला. माझी खुशाली विचारून झाल्यावर ते म्हणाले, "बरंच झालं म्हणायचं. आता तरी तिकडं शिस्त लागेल." मी म्हणालो, "मामा, मी आत्ता रांगेतच उभा आहे. ही रांग कालही होती."

ती रांग लष्कराने लावलेली नव्हती. थाई भाषेत 'क्रेंग जाय' असा एक शब्द आहे आणि इथे राहायला आलेल्या माणसाच्या कानावर तो पहिल्या महिन्यातच पडतो. इंग्रजी पुस्तकांना त्याचा अर्थ समजावून सांगायला पानभर जागा लागते. मराठी माणसाला तो एका शब्दात कळतो, तो शब्द म्हणजे भीड. आपल्यामुळे दुसऱ्याला त्रास होऊ नये, त्याला अवघडल्यासारखे वाटू नये, म्हणून स्वतः चार पावले मागे सरायचे, हे वळण इथे घरातच लागते. आमच्या इमारतीतली चार-पाच वर्षांची मुले उद्वाहनात शिरताना मोठ्यांसमोर किंचित वाकून जातात, त्यांना कोणी सैनिक शिकवायला येत नाही. अर्थात आपल्याकडे भिडेला भिकेची बहीण म्हणतात आणि तेही इथे लागू पडते, त्याकडे मी पुढे येईन.

दंडुका जिथे खरोखर उगारला गेला तिथे काय झाले हे आधी पाहिले पाहिजे. थायलंडमधील रस्ते जगातल्या सर्वांत धोकादायक रस्त्यांत मोडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार इथे लाख लोकसंख्येमागे वर्षाला २५ च्या आसपास माणसे रस्त्यावर मरतात. हे प्रमाण भारतापेक्षा बरेच जास्त आहे, आणि मरणाऱ्यांत मोठा वाटा दुचाकीवरच्या लोकांचा असतो. हेल्मेटचा कायदा आहे, दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध कायदा आहे, नाकाबंदी आहे. एप्रिलमध्ये सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष, आले की सरकार 'सात धोक्याचे दिवस' जाहीर करते आणि रोज संध्याकाळी मृतांचा आकडा सांगितला जातो. लष्कराची पूर्ण सत्ता असताना, मद्यधुंद चालकांची वाहने थेट जप्त करण्याचे आदेश असताना, २०१६ च्या त्या सात दिवसांत ४४२ माणसे मेली. पुढच्या वर्षी, एप्रिल २०१७ मध्ये, पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यात माणसे बसवण्यास बंदी आली. आदेशामागे हंगामी संविधानातले कलम ४४ होते, ज्याने लष्करी प्रमुखाला जवळजवळ कोणताही हुकूम काढण्याची मुभा दिली होती. सोंगक्रानला गावी जाणारे कष्टकरी कुटुंब त्याच हौद्यात बसून जाते, कारण त्यांना तेच परवडते. लोकांचा संताप एवढा झाला की सण पार पडेपर्यंत ती बंदी गुंडाळून ठेवावी लागली. ज्या माणसाला संसद विचारू शकत नव्हती, न्यायालय विचारू शकत नव्हते, त्यालाही रस्त्यावरची शिस्त हुकमाने आणता आली नाही. गावाकडून परगावी पोचवणारी स्वस्त आणि सुरक्षित सार्वजनिक वाहतूक हे त्यावरचे उत्तर होते आणि ते हुकमाच्या कागदावर लिहिता येत नाही.

आता मला ज्याविषयी सर्वांत अगत्याने सांगायचे आहे ते सांगतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी भातावर आमटी-भाजी घालून देणारी एक गाडी आहे. ती चालवणाऱ्या बाईंना सगळी गल्ली 'पा' म्हणते. आई-वडिलांच्या थोरल्या बहिणीला थाई भाषेत पा म्हणतात, आणि परक्या पण वयाने मोठ्या बाईलाही, आपण मावशी म्हणतो तसे. पा ईशान्य थायलंडमधल्या, ज्याला इथे ईसान म्हणतात त्या भागातल्या, रोई एत जिल्ह्यातून वीस-बावीस वर्षांपूर्वी शहरात आल्या. त्यांचे यजमान बांधकामावर मजुरी करत. २०१८ मध्ये त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. तेव्हापासून दर महिन्याला त्यांच्या दाराशी टपाल खात्याची गाडी थांबते आणि पुठ्ठ्याची खोकी उतरवली जातात. त्या खोक्यांत दोन-दोन लिटरच्या द्रवाच्या पिशव्या असतात. पोटाच्या पडद्यातून रक्त शुद्ध करण्याच्या पद्धतीत दिवसातून चार वेळा पिशवी बदलावी लागते, म्हणजे महिन्याला सुमारे १२० पिशव्या. त्यांची खोली दहा बाय बाराची असेल. एका भिंतीला खोकी छताला टेकतील अशी रचलेली, दुसऱ्या भिंतीत पिशवी टांगायला ठोकलेला आकडा. पिशवी बदलायची वेळ झाली की काका दार लावतात, धूळ उडू नये म्हणून भर एप्रिलच्या उकाड्यातही पंखा बंद करतात, तोंडाला मास्क बांधतात आणि कोपरापर्यंत हात धुतात. अर्ध्या तासाने ते पुन्हा दार उघडतात आणि एका वहीत लिहून ठेवतात, आत गेलेले किती, बाहेर आलेले किती. ती वही रुग्णालयातली परिचारिका तपासते. पोटात नळी बसवण्याची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात झाली. पिशव्या, तपासण्या, औषधे, टपालाने घरपोच, यांपैकी कशासाठीही या कुटुंबाला कर्ज काढावे लागलेले नाही. भातावर दोन भाज्या घालून पन्नास-साठ बाटला (बाट हे थाई चलन) ताट विकणाऱ्या बाईचा नवरा आठवे वर्ष जगतो आहे.

हे कसे घडले, याचा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. २००१ पूर्वी थायलंडमधील सुमारे ३० टक्के लोकांना आजारपणासाठी कोणतेच संरक्षण नव्हते. घरात मोठे दुखणे आले की जमीन जायची, म्हैस जायची, हे सगळे महाराष्ट्रातल्या वाचकाला परके नाही. डॉ. सांग्वान नित्तयारम्फोंग नावाचे एक डॉक्टर तरुणपणी सी साकेत जिल्ह्यात रासी सलाई या गावी तालुक्याच्या रुग्णालयात काम करत होते. सर्वांसाठी आरोग्य संरक्षणाची योजना अनेक वर्षे त्यांच्या डोक्यात आणि कागदावर होती. त्या काळातली एक मोठी गोष्ट म्हणजे १९९७ चे संविधान, ज्याला लोक 'जनतेचे संविधान' म्हणतात. त्यात ५० हजार मतदारांच्या सह्यांनी संसदेपुढे कायदा मांडण्याचा हक्क होता. स्वयंसेवी संघटनांनी गावोगाव फिरून आरोग्य हक्काच्या विधेयकासाठी तेवढ्या सह्या गोळा केल्या. सांग्वान यांनी योजना राजकीय पक्षांकडे नेली, थाकसिन शिनावात्रा यांच्या पक्षाने ती उचलली, आणि जानेवारी २००१ च्या निवडणुकीत 'तीस बाटमध्ये सर्व रोगांवर उपचार' ही घोषणा खेड्यापाड्यांत पोचली. पक्ष निवडून आला आणि थाकसिन पंतप्रधान झाले. एप्रिल २००१ मध्ये सहा जिल्ह्यांत योजना सुरू झाली, वर्षभरात ती देशभर पोचली आणि २००२ च्या अखेरीस तिला कायद्याचे बळ मिळाले. १९९७ च्या आर्थिक संकटातून देश नुकताच उठत होता, त्या काळात हे झाले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

योजनेला हप्ता नाही, पैसा करांतून येतो. रुग्णालयाकडे नोंदलेल्या माणशी ठरावीक रक्कम त्याला मिळते, त्यामुळे अनावश्यक तपासण्या वाढवून रुग्णालयाला काही लाभ होत नाही. पण नुसत्या पैशाने हे चालले नसते. प्रत्येक तालुक्याला रुग्णालय, प्रत्येक गावगटाला आरोग्य केंद्र आणि गावागावांत मिळून लाखो आरोग्य स्वयंसेवक, ही बैठक आधीच घातलेली होती. नव्या डॉक्टरने सरकारी सेवेत तीन वर्षे काम करायचे, नाहीतर चार लाख बाट भरायचे, हा नियमही जुना आहे. मूत्रपिंडाच्या विकाराचा समावेश २००८ मध्ये झाला. त्याच वर्षी जानेवारीत डॉ. सांग्वान यांचे निधन झाले. पा यांना त्यांचे नाव ठाऊक नाही.

प्रामाणिकपणे लिहायचे तर दुसरी बाजूही सांगायला हवी. तालुक्याची अनेक रुग्णालये १९८० च्या दशकात, जनरल प्रेम तिनसुलानोन पंतप्रधान असताना उभी राहिली. २००६ मध्ये लष्कराने थाकसिन यांना हटवल्यावर नेमलेल्या सरकारनेच एचआयव्हीवरील इफाविरेंझ या औषधासाठी सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय औषध बनवण्याची किंवा आणण्याची सरकारी मुभा, काढला आणि भारतीय कंपनीने बनवलेले स्वस्त औषध आणले, याचा मला भारतीय म्हणून आनंदच आहे. त्याच सरकारने तीस बाटचे शुल्कही माफ केले. आणि थाकसिन यांना मी देव मानत नाही. २००३ मध्ये त्यांच्या सरकारच्या अमली पदार्थविरोधी मोहिमेत दोन हजारांहून अधिक माणसे मारली गेली, त्याचा हिशेब आजवर कोणी दिलेला नाही. पण माझा मुद्दा असा की सत्ता उलथवणाऱ्यांनी थाकसिन यांची नावनिशाणी पुसण्याचा प्रयत्न केला, संविधानही रद्द केले, मात्र या योजनेला हात लावण्याचे धाडस त्यांना झाले नाही. २०१४ नंतरही झाले नाही. लोकांनी मत देऊन मिळवलेली गोष्ट लोक आपली समजतात आणि ती काढून घेणे रणगाडेवाल्यालाही जड जाते.

बँकॉक शहराचा अनुभवही हेच सांगतो. इथे राज्यपाल म्हणतात तो पदाधिकारी म्हणजे आपल्या महापौर आणि आयुक्त या दोघांचे मिळून एक पद. त्याची निवडणूक २०१३ नंतर झालीच नाही. २०१६ मध्ये निवडून आलेल्या राज्यपालांना कलम ४४ खाली दूर करून एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याला नेमण्यात आले. नऊ वर्षांनी मतदान झाले ते २२ मे २०२२ रोजी, म्हणजे सत्तापालटाला बरोबर आठ वर्षे झाली त्या दिवशी. चाडचार्ट सिट्टिपुंट हे अपक्ष उमेदवार १३ लाखांहून अधिक मते घेऊन निवडून आले. सत्तापालट झाला त्या दिवशी ज्यांना लष्कराने बैठकीतूनच ताब्यात घेतले होते, त्यांपैकी ते एक माजी वाहतूकमंत्री.

आमच्या गल्लीत गटारावरची एक फरशी मोडलेली होती. पावसाळ्यात तिच्यावर पाय पडला की घाण पाणी गुडघ्यापर्यंत उडायचे, आणि एकदा शेजारच्या आजी तिथेच पडल्या. २०१५ च्या सुमारास मी दोनदा विभाग कार्यालयात जाऊन सांगून आलो. दोन्ही वेळा मला नम्रपणे बसवून घेतले, माझे म्हणणे लिहून घेतले आणि फरशी तशीच राहिली. २०२२ च्या पावसाळ्यात मी त्याच फरशीचा फोटो ट्रॅफी फॉन्डू या तक्रार प्रणालीवर पाठवला. थायलंडच्याच सरकारी संशोधन संस्थेने बनवलेली ही प्रणाली आधीपासून होती, नव्या राज्यपालांनी ती शहराच्या कारभारात खऱ्या अर्थाने वापरायला घेतली. मला तक्रारीचा क्रमांक आला, ती कोणत्या विभागाकडे गेली हे दिसू लागले, आणि चौथ्या दिवशी नव्या सिमेंटच्या झाकणाचा फोटो माझ्याच मोबाइलवर आला. झाकणावर अजून ओल होती. फरशी तीच, कार्यालय तेच, कर्मचारीही बहुधा तेच. त्यांच्या वरच्या माणसाला चार वर्षांनी लोकांसमोर जायचे होते, एवढाच फरक पडला होता.

२८ मार्च २०२५ रोजी दुपारी म्यानमारमधील भूकंपाने बँकॉक हादरले तेव्हा मी कार्यालयात एकविसाव्या मजल्यावर होतो. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरील तलावाचे पाणी धबधब्यासारखे खाली कोसळताना मी पाहिले. सरकारचा इशारा मोबाइलवर यायला फार उशीर झाला, त्यावर लोक रागावले आणि त्यानंतर नवी इशारा यंत्रणा बसवण्याचे काम वेगाने झाले. त्या रात्री महापालिकेने मोठ्या बागा रात्रभर उघड्या ठेवल्या. घरी जायला घाबरलेली कितीतरी कुटुंबे तिथे चटया टाकून झोपली. पुढच्या दिवसांत भिंतींना पडलेल्या भेगांचे हजारो फोटो त्याच तक्रार प्रणालीवर आले आणि अभियंत्यांनी ते एकेक पाहून घर राहण्याजोगे आहे की नाही हे कळवले. आमच्या जिन्यातल्या भेगेलाही उत्तर आले, 'गिलाव्याची आहे, धोका नाही.' त्या रात्री मी झोपू शकलो तो त्या चार शब्दांवर.

शहरात पूर्ण कोसळली ती एकच उंच इमारत, चातुचाक भागात बांधकाम चालू असलेली, राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाची. ढिगाऱ्याखाली थाई आणि म्यानमारचे बांधकाम मजूर गेले. तिथल्या पोलादाचे काही नमुने दर्जाला उतरले नाहीत असे चौकशीत आढळले. इथे मला पुन्हा भिडेकडे यावे लागते. जी भीड रांगेत उभे राहायला शिकवते, तीच वरच्याला प्रश्न विचारू देत नाही. साहेबांनी सही केली म्हणजे ठीक असेल, आपण कशाला तोंड घालायचे, असे इथले कनिष्ठ कर्मचारी मनात म्हणतात. आपल्याकडेही म्हणतात. शिस्तीचे कौतुक करणाऱ्या पाहुण्यांना ही बाजू आठवडाभराच्या सहलीत दिसणार नाही, याचा त्यांना दोष नाही.

लोकांचे मत किती ठिकाणी अडवले जाते हेही मी जवळून पाहिले आहे. १४ मे २०२३ च्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी पा यांनी दोन दिवस गाडी बंद ठेवली आणि रात्रीच्या बसने रोई एतला जाऊन मत दिले, कारण त्यांचे नाव गावच्या घरनोंदणीत होते. मूव्ह फॉरवर्ड पक्ष ५०० पैकी १५१ जागा घेऊन पहिला आला. मात्र पंतप्रधान निवडताना लष्कराने नेमलेले २५० सिनेटसदस्यही मतदान करत असल्याने ३७६ मते लागत होती, आणि त्या पक्षाचे पिटा लिमजारोएनरात यांना ३२४ मिळाली. ऑगस्ट २०२४ मध्ये संविधान न्यायालयाने तो पक्षच विसर्जित केला. त्याच महिन्यात पंतप्रधान स्रेत्था थाविसिन पदावरून गेले, आणि एका वर्षाने, ऑगस्ट २०२५ मध्ये, त्यांच्या जागी आलेल्या पेतोंगतार्न शिनावात्रा याही न्यायालयाच्या निकालाने गेल्या. बाकी देशातल्या ७६ जिल्ह्यांना तर राज्यपाल निवडण्याचा हक्कच नाही, ते गृहखात्याकडून नेमले जातात. राजघराण्याच्या बदनामीविषयीच्या दंडसंहितेच्या कलम ११२ खाली प्रत्येक गुन्ह्याला तीन ते पंधरा वर्षांची शिक्षा आहे. या विषयावर मी एवढेच लिहितो आणि थांबतो. वाचकांनी माझे थांबणेही समजून घ्यावे.

आम्हा परदेशी लोकांची इथली जागा काय, असे कोणी विचारील. माझा परवाना दरवर्षी वाढवून घ्यावा लागतो. दर ९० दिवसांनी मी कोठे राहतो हे इमिग्रेशनला कळवायचे असते. माझ्या घरमालकालाही, परदेशी माणूस आपल्याकडे उतरला आहे हे वेगळे कळवावे लागते. १९७९ च्या कायद्यातले हे नियम आहेत आणि पाहुण्याने यजमानाच्या घरचे नियम पाळावेत, याबद्दल माझी तक्रार नाही. मी पगारातून सामाजिक सुरक्षेचा हप्ता भरतो आणि त्यावर सरकारमान्य रुग्णालयात उपचारही घेतो. तक्रार आहे ती आमच्यातल्या काहींच्या बोलण्याबद्दल. उंच इमारतींत राहणारे, संचारबंदीत घरपोच जेवण मागवू शकणारे परदेशी, त्यांत आपले भारतीयही आले, २०१४ मध्ये म्हणत होते की बरे झाले, आता मोर्चे थांबतील आणि रस्ते मोकळे होतील. ज्यांना इथे मतच नाही त्यांना दुसऱ्याचे मत गेल्याचे दुःख होत नाही. २०१० च्या एप्रिल-मे महिन्यांत याच शहरात निदर्शने मोडून काढताना नव्वदहून अधिक माणसे मेली. निवडणूक घ्या, ही त्या निदर्शकांची मागणी होती. राचाप्रसोंगच्या चौकात, जिथे आपले पर्यटक आज ब्रह्मदेवाच्या देवळाला झेंडूचे हार घालतात आणि समोरच्या मॉलमध्ये खरेदी करतात, तिथेच तो तळ होता.

आपल्याकडच्या वाचकांशी याचा संबंध आहे म्हणून लिहितो. मुंबई आणि पुणे या दोन्ही महानगरपालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढचे मतदान थेट जानेवारी २०२६ मध्ये झाले. बँकॉकला नऊ वर्षांनी मताचा हक्क परत मिळत होता, त्याच सुमारास मुंबई-पुणेकरांचा तो हक्क पावणेचार वर्षांसाठी बाजूला पडला, आणि त्याचा फारसा गवगवा झाल्याचे मला इथून वाचायला मिळाले नाही. प्रशासक आहेत तेच बरे, नगरसेवकांची कटकट नाही, असेही काहींनी मला ऐकवले. त्यांना माझ्या गल्लीतल्या फरशीची हकिकत सांगावी असे वाटले.

मामा गेल्या डिसेंबरमध्ये प्रथमच बँकॉकला आले. वय ७८. पा यांच्या गाडीवर बसून त्यांनी भात आणि वांग्याचा हिरवा रस्सा खाल्ला, मग त्यांच्या खोलीतली खोकी पाहून हे काय म्हणून विचारले. मी सांगत गेलो, ते ऐकत राहिले. त्यांच्या धाकट्या भावाला, माझ्या दुसऱ्या मामांना, याच आजारात आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी साताऱ्याला न्यावे लागे आणि त्यापायी विहिरीजवळचे शेत विकावे लागले होते. मामा बराच वेळ त्या वहीतले आकडे पाहत बसले. थाई अंक त्यांना वाचता येत नव्हते.

चाडचार्ट यांची चार वर्षांची मुदत मे २०२६ मध्ये संपते आणि शहर पुन्हा मतदान करील. त्यासाठी मतदाराचे नाव किमान वर्षभर आधीपासून बँकॉकच्या घरनोंदणीत असावे लागते, आणि भाडेकरूचे नाव चढवायचे तर त्या घराच्या नोंदणीकृत कुटुंबप्रमुखाची संमती लागते. पा यांना ती मागायची भीड वाटत होती. २०२२ मध्ये त्यांनी मागितली नाही, शहरात इतकी वर्षे काढूनही त्यांनी या शहरासाठी कधी मत दिलेले नव्हते. गेल्या वर्षी भूकंपाच्या आधी दोन महिने त्यांनी भाताचा डबा घेऊन घरमालकीणबाईंकडे जाऊन विचारले. परवा संध्याकाळी गाडी आवरताना त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून घरनोंदणीची निळी वही काढली, हात पदराला पुसतात तसे ॲप्रनला पुसले, आणि तिसऱ्या पानावर आपले आणि यजमानांचे नाव मला बोट ठेवून दाखवले.

माझा इथला परवाना दरवर्षी नव्याने मिळतो, म्हणून पत्राखाली माझे नाव छापू नये, ही विनंती.

आपला,
एक वाचक, बँकॉक
(मूळ गाव सातारा जिल्हा)